मॅरँट्झ सीडी-९४ : झाकण काढल्यावर दिसलेले तांबे आणि त्यावरून पडलेले प्रश्न

तबकडीवाला (धागाकर्ता)

माझे मामा व्यापारी जहाजावर होते आणि १९८९ साली रॉटरडॅमहून परतताना त्यांनी मॅरँट्झ सीडी-९४ हा सीडी प्लेअर आणला होता. त्या काळात आमच्या संपूर्ण आळीत सीडी कोणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे मामांकडे एकूण चार तबकड्या आणि तो प्लेअर, एवढ्या ऐवजावर लोक संध्याकाळी जमत असत. मामा गेल्यावर मामींनी तो मला दिला. गेल्या रविवारी धूळ काढावी म्हणून मी प्रथमच त्याचे झाकण उघडले आणि धूळ काढायचे राहूनच गेले, कारण आतला सांगाडा तांब्याचा मुलामा दिलेला निघाला. ज्या भागाकडे विकत घेणारा माणूस जन्मात पाहणार नाही, तो भाग देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारखा लखलखीत ठेवण्याचे कारण काय असावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आत जे दिसले ते थोडक्यात सांगतो. तबकडी फिरवणारी आणि वाचणारी यंत्रणा फिलिप्सची सीडीएम-१ आहे : ओतीव धातूची बैठक, काचेचे भिंग आणि ग्रामोफोनच्या दांड्याप्रमाणे कंसात फिरणारा एक छोटा हात, ज्याच्या टोकावर लेसर बसवला आहे. बहुतेक जपानी प्लेअरमध्ये लेसर रुळावरून सरळ सरकतो. इथे मात्र तो झुलतो, आणि दाते किंवा सरकणारा रूळ नसल्यामुळे एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोहोचतो. अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप टीडीए-१५४१ घराण्यातली आहे आणि तिच्या आधी एसएए-७२२० हे अंकीय गाळणे (फिल्टर) आहे. बाहेरून दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या आहेत. एका हाताने ही पेटी उचलत नाही.

माझा प्रश्न असा आहे : या सगळ्या थाटामाटापैकी नेमके काय कामाचे होते आणि काय केवळ मिरवण्यासाठी होते? «जुने ते सोने» या उत्तराने माझे समाधान होणार नाही, हे आधीच नम्रपणे नमूद करतो.

आइंडहोवनकर

धागा आवडला. मी सध्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, म्हणजे फिलिप्सच्या मूळ गावी राहतो आणि त्या गावाशी या पेटीचे जवळचे नाते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मॅरँट्झ ही मूळची न्यूयॉर्कची कंपनी. सॉल मॅरँट्झ यांनी ती १९५३ साली सुरू केली, १९६४ मध्ये ती सुपरस्कोप या अमेरिकी कंपनीकडे गेली आणि १९८० मध्ये अमेरिका व कॅनडा वगळता उर्वरित जगातला तिचा व्यवसाय फिलिप्सने घेतला. त्यामुळे तुमच्या पेटीत आइंडहोवनची बुद्धी आणि जपानी कारागिरी एकत्र आली आहे. तिचे फिलिप्सच्या नावाने निघालेले भावंडही आहे, सीडी-९६०. अर्थात, दोन्ही पेट्या एकाच वेळी उघड्या ठेवून पाहण्याचे भाग्य मला लाभलेले नाही.

आता चिपविषयी. फिलिप्सने सीडीचा पहिला नमुना मार्च १९७९ मध्ये आइंडहोवनला पत्रकारांसमोर वाजवून दाखवला, तेव्हा त्यांच्या मनात १४ बिटांची योजना होती, म्हणजे ध्वनीची दर क्षणाची नोंद शून्य-एकच्या १४ अंकांत करायची. पुढे सोनीबरोबर मानक ठरताना १६ बिट मान्य करावे लागले, पण फिलिप्सच्या हातात होती ती १४ बिटांची टीडीए-१५४०. त्यांनी हार न मानता एक युक्ती केली : अंकांचा वेग चौपट करायचा, १४ बिटांत न मावणारी चूक पुढच्या नोंदींवर वाटून ऐकू येणाऱ्या पट्ट्यापलीकडे ढकलायची आणि १४ बिटांकडून १६ बिटांच्या तोलाचे काम करून घ्यायचे. सीडी-१०० हा त्यांचा पहिला प्लेअर असाच चालत असे. चौपट वेगाचा आणखी एक लाभ होता. मूळ ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४४,१०० नोंदी) काम करताना २० किलोहर्ट्झनंतर लगेच कडा तुटल्याप्रमाणे सारे थांबवणारे गाळणे सर्किटमध्ये घालावे लागते आणि ते वरच्या सुरांची वेळ बिघडवते, वेग १७६.४ किलोहर्ट्झ झाला की मूळ सुरांच्या वरच्या वारंवारितांत उमटणाऱ्या नको असलेल्या प्रतिमा इतक्या दूर जातात की हळुवार उताराचे साधे गाळणे पुरते.

१९८५ च्या सुमारास टीडीए-१५४१ आली आणि १६ बिटही मिळाले, चौपट वेगही राहिला. पण १६ बिटांचे रूपांतर म्हणजे एका प्रवाहाची ६५,५३६ पायऱ्यांत विभागणी, आणि सर्वांत मोठ्या बिटाच्या प्रवाहात एका पायरीइतकीही चूक चालत नाही. सिलिकॉनवर इतके सारखे दोन भाग पाडणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. इतर उत्पादक प्रत्येक चिपवरचे रोधक (रेझिस्टर) लेसरने तासून जुळवत असत. फिलिप्सच्या रूडी व्हॅन डे प्लाशे यांनी वेगळी वाट काढली : प्रवाहाचे दोन जवळजवळ सारखे भाग करायचे आणि ते दोन भाग आपापसांत सतत अदलाबदल करत राहायचे. वाटणी करणाऱ्या भावांनी दरवर्षी शेताचे तुकडे बदलून कसावेत, म्हणजे कालांतराने कोणावरच अन्याय होत नाही, तसाच हा प्रकार आहे. अदलाबदलीमुळे उठणारी बारीक लहर कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) शोषून घेतात. तुमच्या चिपच्या दोन्ही बाजूंना छोट्या कपॅसिटरची जी रांग दिसते, ती त्याचसाठी आहे. दोन्ही वाहिन्यांचे मिळून ते १४ असतात, मोजून पाहा.

शंकासुर

वरची माहिती चांगली आहे, पण धागाकर्त्यांच्या प्रश्नाला कोणीतरी रोखठोक उत्तर द्यायला हवे, म्हणून मी पुढे येतो.

सीडीवरची माहिती अंकांच्या स्वरूपात असते आणि तिच्याबरोबर चुका दुरुस्त करणारी जोड माहितीही असते. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडा पडला तरी त्याखालचे सर्व अंक जसेच्या तसे परत मिळवता येतात, अशी ती रचना आहे. मग ओतीव बैठक असो की प्लॅस्टिकची, वाचलेले अंक तेच राहणार. लाकडी पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांचा ध्वनीशी संबंध माझ्या चपलेचा आहे तितकाच आहे.

तांब्याचे पाहू. वाहकात वारंवारिता जितकी जास्त, तितका प्रवाह पृष्ठभागाजवळून वाहतो. २० किलोहर्ट्झला तांब्यात ही खोली जवळजवळ अर्धा मिलिमीटर भरते. मुलामा मात्र मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात. म्हणजे ऐकू येणाऱ्या वारंवारितांच्या दृष्टीने तो पातळ थर असून नसल्यासारखाच आहे आणि प्रवाह खालच्या पोलादातूनच जाणार. तेव्हा, तबकडीवाला, तुमच्या मामांनी ताम्हणाचे पैसे मोजले आणि घरी पितळी मुलाम्याची पळी आणली, असे मला वाटते. राग नसावा.

डागकाम

शंकासुर, राग येण्याचा प्रश्नच नाही. गणित बरोबर आहे, फक्त ते चुकीच्या वारंवारितेवर केले आहे. या पेटीत अंकांना ताल देणारे घड्याळ ११.२८९६ मेगाहर्ट्झवर चालते (४४.१ किलोहर्ट्झची २५६ पट). त्या वारंवारितेला तांब्यातली खोली सुमारे २० मायक्रॉन येते, म्हणजे मुलाम्याचा थर आता नगण्य राहत नाही. शिवाय पोलाद लोहचुंबकीय असल्याने उच्च वारंवारितेला त्याचा पृष्ठरोध तांब्याच्या कितीतरी पट असतो. अंकीय भागातून उठणाऱ्या किरकोळ प्रवाहांना परतीची सोपी वाट मिळावी, यासाठी तांबे उपयोगी पडते. त्याचा उपयोग गाण्याच्या सुरांना नाही, घड्याळाच्या गोंगाटाला आवरण्यासाठी आहे. आता तो उपयोग कानाला जाणवण्याइतका असतो का, हा वेगळा मुद्दा. प्रत्येक वेळी तो असतोच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

«अंक तेच राहतात» हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु अंक बरोबर असणे ही निम्मी गोष्ट झाली. ते बरोबर वेळी चिपपर्यंत पोहोचले पाहिजेत. २० किलोहर्ट्झचा पूर्ण उंचीचा सूर घेतला, तर १६ बिटांच्या सर्वांत लहान पायरीच्या निम्म्याइतकी चूक व्हायला वेळेतली फक्त १२१ पिकोसेकंदांची गडबड पुरते. सामान्य संगीतात असा सूर नसतो, त्यामुळे ही अट प्रत्यक्षात इतकी कडक राहत नाही. तरीही कशाची काळजी घ्यायची हे त्यावरून समजते.

इथे यंत्रणेचा संबंध येतो. तबकडीवरील दोन ओळींतले अंतर १.६ मायक्रॉन आहे. भिंगाला मायक्रॉनभराच्या मर्यादेत केंद्रित राहावे लागते आणि तबकडी मात्र फिरताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली झाली तरी मानकात बसते. म्हणजे भिंग अखंड नाचत असते, आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेऱ्या अशा बदलत्या वेगासोबत. तबकडी जितकी थरथरेल, तितका भिंगाला हलवणारा प्रवाह उसळतो, आणि तो प्रवाह ज्या वीजपुरवठ्यातून येतो त्यावरच घड्याळ आणि चिप पोसलेले असतील तर उसळीचा धक्का त्यांनाही बसतो. ओतीव बैठकीचे काम अंक वाचवणे नव्हे, ही उसळी कमी ठेवणे आहे. स्वस्त प्लेअरमध्ये हेच काम पुरवठ्याच्या उत्तम मांडणीने साधता येते, आणि नंतरच्या काळात पुष्कळांनी ते साधलेही. पण १९८० च्या दशकातल्या अभियंत्याला धातू ओतणे हा खात्रीचा मार्ग वाटला, यात मला काही गैर दिसत नाही.

त्या काळातल्या जपानी कंपन्यांनी याच दुखण्यावर किती निरनिराळे उपाय केले ते पाहण्यासारखे आहे. अ‍ॅक्युफेजने १९८६ मध्ये आपला पहिलाच प्लेअर दोन पेट्यांत काढला, डीपी-८० आणि डीसी-८१. रूपांतरासाठी तयार चिप न वापरता सुटे भाग जुळवले आणि अंकीय भागाचा गोंगाट पलीकडे जाऊ नये म्हणून मध्ये प्रकाशाने जोडणारे ऑप्टोकपलर घातले. सोनीने १९८७ च्या सीडीपी-आर१ आणि डीएएस-आर१ या जोडीत आणखी एक नेमका विचार केला : दोन पेट्या वेगळ्या केल्या की घड्याळ एकीकडे आणि चिप दुसरीकडे अशी नवी अडचण उभी राहते, म्हणून मुख्य घड्याळ चिपच्या पेटीत ठेवायचे आणि तबकडीच्या पेटीला दुसऱ्या तारेने तिथूनच ताल पाठवायचा. माझ्या मते या सगळ्या वैभवशाली पेट्यांत डोक्याने सर्वांत पुढची हीच जोडी होती. टीॲकने ईसोटेरिक या नावाखाली तबकडीच्या आकाराचीच चकती वरून दाबून बसवली, आणि ती किंचित बशीसारखी ठेवली, म्हणजे वाकलेली तबकडीही तिला चिकटून सरळ होते. पायोनिअरने तर तबकडी उताणी केली. चित्राची बाजू खाली, ग्रामोफोनसारख्या फिरत्या तबकावर, आणि लेसर वरून वाचणार. यामाहाचा सीडीएक्स-१०००० हा कंपनीच्या शंभरीनिमित्त निघाला होता, त्यामुळे त्यात मिरवण्याचा भाग किती आणि गरजेचा किती, हे शंकासुरांनीच ठरवावे.

शंकासुर

घड्याळाचा मुद्दा मान्य. तांब्याबद्दलचे माझे विधान अर्धे मागे घेतो. लाकडी पट्ट्यांबद्दलचे मागे घेणार नाही.

तबकडीवाला (धागाकर्ता)

कपॅसिटर मोजले, १४ च आहेत. लाकडी पट्ट्यांच्या बाबतीत मीही शंकासुरांच्या बाजूने आहे, मात्र मामी दर दिवाळीला त्यांना तेलाचा हात फिरवत असत, त्यामुळे त्या निघणार नाहीत.

नवाश्रोता

हा धागा वाचून मलाही असा प्लेअर घ्यावासा वाटू लागला आहे. जपानमध्ये राहणारा माझा मित्र तिथल्या लिलावांतून शोधून पाठवायला तयार आहे. एका विक्रेत्याने «दोन मुकुटांची चिप» असलेला प्लेअर दुप्पट किमतीला ठेवला आहे. हे मुकुट म्हणजे काय, आणि घेताना काय पाहावे?

डागकाम

टीडीए-१५४१ए या सुधारित आवृत्तीच्या चिप तयार झाल्यावर तपासल्या जात आणि त्यांतल्या अधिक अचूक निघालेल्या चिप वेगळ्या काढल्या जात. एस१ प्रतीच्या चिपवर एक मुकुट छापलेला असे, एस२ प्रतीवर दोन. मॅरँट्झनेच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढलेल्या सीडी-७ मध्ये दोन मुकुटांची प्रत आहे, आणि त्या प्लेअरच्या किमतीचे ते एक मोठे कारण आहे. फरक मोजता येतो, विशेषतः अगदी हळू आवाजाच्या सुरांत. पण साधी चिप आणि मुकुटाची चिप यांतल्या फरकापेक्षा चांगल्या आणि वाईट पुरवठ्यातला फरक मला नेहमी मोठा वाटत आला आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की मुकुट हा शेवटी शाईचा शिक्का आहे. साध्या चिपवरचा मजकूर खरवडून त्यावर मुकुट छापणारे पुष्कळ झाले आहेत. सुट्या चिपवर पैसे घालू नका; ज्या प्लेअरमध्ये कारखान्यातच ती प्रत बसली होती आणि जिचा डाग (सोल्डरचा सांधा) कोणी उकललेला नाही, तेवढ्यावरच विश्वास ठेवा. छायाचित्र मागवताना चिपच्या पायांजवळचा पाठीमागचा भाग मागवा. नंतर केलेला डाग चमक आणि आकार यांवरून ओळखू येतो.

जपानच्या बाजारासाठी बनलेला प्लेअर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर पुढचे काही सांगायची वेळ येणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, मात्र ११० चा देऊन «चालतंय हो» म्हणणारेही तिथेच भेटतात. त्यांचे ऐकू नका. ट्रान्सफॉर्मर प्लेअरच्या गरजेच्या किमान दुप्पट ताकदीचा घ्या आणि तो प्लेअरपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे त्याची गुणगुण प्लेअरमध्ये शिरणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्रणा. चिप कोठे ना कोठे मिळेल, कपॅसिटर नवे घालता येतील, ट्रे ओढणारा रबरी पट्टा कोणत्याही दुकानात सापडेल, परंतु सीडीएम-१ आता कोणी बनवत नाही. पाठवणाऱ्याला सांगा की यंत्रणा बांधून ठेवणारे स्क्रू असतील तर ते वाहतुकीपूर्वी आवळावेत. प्लेअर तबकडी ओळखत नसेल, तर लगेच लेसर गेला असा निष्कर्ष काढू नका. भिंगावर बसलेली धूळ, वाळलेले कपॅसिटर आणि तडकलेले डाग ही तीन कारणे आधी पाहावीत. आणि लेसरचा प्रवाह ठरवणारा जो छोटा फिरता रोधक असतो, त्याला मोजमापाशिवाय हात लावू नये. माझ्याकडे आलेल्या एका प्लेअरचा तो रोधक कोणा तंत्रज्ञाने «जरा वाढवून पाहू» म्हणून फिरवला होता. आठ दिवस प्लेअर सुरेख वाजला आणि नवव्या दिवशी लेसर कायमचा विझला.

आइंडहोवनकर

एक भर घालतो. अशा प्लेअरवर घरी एकदाच भरता येणारी सीडी-आर बहुधा वाजते, कारण तिचा परावर्तनाचा दर छापील तबकडीच्या फार मागे नसतो. पुन्हा पुन्हा भरता येणारी सीडी-आरडब्ल्यू मात्र वाजणार नाही, कारण ती त्या लेसरला काळोखासारखी भासते.

कळफलक

विषय थोडा बाजूला नेतो, पण प्लेअरशी त्याचा थेट संबंध आहे. माझ्या संग्रहातल्या सर्व सीडी मी काही वर्षांपूर्वी संगणकावर उतरवल्या आणि प्लेअर विकून टाकला. अलीकडे लक्षात आले की १९८० च्या दशकातल्या काही तबकड्या संगणकावरून अतिशय किरकिऱ्या, वरच्या सुरांत टोचणाऱ्या वाजतात. तबकड्याच वाईट आहेत असे मी समजत होतो. हे जुन्या मुद्रणाचे दुखणे आहे का?

डागकाम

नाही, तुमच्या तबकड्या बहुधा निर्दोष आहेत. सुरुवातीच्या काळात मुद्रण करताना वरचे सूर मुद्दाम वाढवून नोंदवण्याची पद्धत होती, म्हणजे वाजवताना ते तितकेच कमी केले की त्यांच्याबरोबर वरचा खरखराटही कमी होतो. तबकडीवर तशी खूण असते आणि प्लेअर ती वाचून आपोआप सूर पूर्ववत करतो. संगणकावर उतरवताना ती खूण अनेकदा हरवते आणि वाढवलेले सूर वाढवलेलेच राहतात. जुना प्लेअर हे काम न सांगता करत होता, म्हणून आपल्याला ते असल्याचे कळलेही नाही. तुम्ही ५० आणि १५ मायक्रोसेकंदांचे गाळणे लावून त्या फाइली दुरुस्त करू शकता, फक्त कोणत्या तबकड्यांवर खूण होती हे पुन्हा तपासावे लागेल.

कळफलक

प्लेअर विकल्याचे आज प्रथमच वाईट वाटले.

तबकडीवाला (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी केल्या, त्या सांगतो.

पहिली : चिपवर टॉर्च मारून पाहिले. मुकुट एकही नाही, साधी चिप आहे आणि तिचा डाग कारखान्यातलाच दिसतो. त्यामुळे या प्लेअरवर कोणाची वाईट नजर पडण्याचा धोका टळला. दुसरी : माझा प्लेअर युरोपचा, २२० व्होल्टचा आहे आणि आमच्याकडे रात्री साडेदहानंतर २४३ व्होल्ट भरतात, असे मीटरवर दिसले. झाकणाला बोट टेकववत नाही इतके ते तापत होते, त्याचे कारण हेच असावे. डागकाम यांच्याशी निरोपातून बोलून १८ व्होल्टचा एक ट्रान्सफॉर्मर, त्याचे व्होल्ट पुरवठ्यातून वजा होतील असा उलटा जोडून फ्यूजसह वेगळ्या डब्यात बसवला. आता प्लेअरला सुमारे २२४ व्होल्ट मिळतात आणि दोन तासांनंतरही झाकण कोमटच राहते. आवाजात फरक पडला का, असे शंकासुर विचारतील म्हणून आधीच सांगतो : मला तरी जाणवला नाही.

मामांच्या चार तबकड्यांपैकी एका तबकडीच्या कव्हरवर बारीक अक्षरांत ते वरचे सूर वाढवल्याचे छापलेले सापडले. ती संगणकावर लावली आणि मग प्लेअरवर लावली. शंकासुर, हा फरक मात्र मामींनाही स्वयंपाकघरातून ऐकू आला.

शंकासुर

तो फरक मीही नाकारणार नाही, कारण तो गाळण्याचा आहे, तांब्याचा नाही. भिंग मात्र स्वच्छ ठेवा, आणि ट्रे पावसाळ्यात उघडा ठेवू नका.